हेडसरांच्या पँटला टाचलेली चिठ्ठी

टेलर मास्तर गेले चार महिने दुकानातल्या कापायच्या टेबलावर झोपत होते. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "ऑर्डरी अंगावर आल्यात." ऑर्डरी एवढ्या अंगावर आल्या होत्या, की मशीनच्या चाकात एका कोळ्याने लग्न करून संसार थाटला होता आणि त्याची पोरं कर्तीसवरती झाली होती.

दुकानामागे दोन खोल्यांचं घर, मधे एक पडदा. पडद्यापलीकडे त्यांची बायको. काज-बटण, तुरपाई आणि शेवटची इस्त्री सव्वीस वर्षं तिच्याकडे होती. तिला काय सांगायचं? नऊ वर्षांच्या मधुमेहाने मास्तरांना ज्या ठिकाणी दगा दिला होता, त्या ठिकाणाचं नाव घ्यायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

शेवटी सोमवारी त्यांनी धीर केला आणि डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसले.

"त्याचं असं आहे," मास्तर म्हणाले, "मशीन जुनं आहे, पण तसं चांगलं आहे. म्हणजे इच्छा आहे. पण ऐन वेळी..."

"ताठरता येत नाही," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. "जरा हळू बोला की हो!"

"हळू बोलून बरं होत असतं तर मी कुजबुजले असते. साखर नसा बिघडवते, रक्तवाहिन्या बिघडवते. पायातल्या बिघडवते, डोळ्यातल्या बिघडवते, मग तिथल्याच का सोडेल? माझ्याकडे येणाऱ्या मधुमेही पुरुषांत दर दोघांत एकाला हे असतं."

"मग तो दुसरा कुठाय? मला तर कोणी भेटला नाही."

"तोही हेच विचारतो."

"गोळी असते म्हणे."

"असते. पण आधी रक्त आणि हृदय तपासायचं. छातीदुखीच्या काही औषधांबरोबर ती घेतली तर जिवावर बेततं. तेव्हा दोस्ताकडून मागून खायची नाही." त्यांनी चिठ्ठी फाडून दिली. तीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: उपाशीपोटी रक्त तपासणे. हृदयाचा आलेख. तंबाखू बंद. रोज पाऊण तास चालणे. ताठरतेच्या तक्रारीबद्दल पत्नीशी बोलणे. पुढच्या गुरुवारी दोघांनी येणे.

दुकानात येऊन मास्तर चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचत होते, तेवढ्यात पडदा हलला. बायको बटणांचा डबा घेऊन आली. मास्तर गडबडले. समोर हेडसरांची शिवून झालेली पँट होती, शेजारी तिच्या मापाची चिठ्ठी. डोक्याने काही ठरवायच्या आत हाताने काम केलं. तीस वर्षांची सवय ती: कागद दिसला की कपड्याला टाचायचा. एक चिठ्ठी टाचली गेली, दुसरी खिशात गेली.

"काय वाचत होतात?" बायकोने विचारलं.

"माप," मास्तर म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ते उपाशीपोटी रक्त द्यायला गेले. तिथल्या बाईंनी चिठ्ठी उलगडली, चष्मा सारखा केला आणि वाचली, "कंबर चव्वेचाळीस, सीट सेहेचाळीस, लांबी चाळीस, पोटाला ढील ठेवणे." मग वर बघून अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "यातलं काय काय उपाशीपोटी तपासायचं?"

म्हणजे डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पँटला टाचली गेली होती. पँट कालच हेडसरांनी नेली होती! आणि हेडसर म्हणजे काय? तोंडात तीळ भिजायचा नाही. त्यांना सकाळी काही सांगितलं, तर दुपारी ते आपल्यालाच परत ऐकायला मिळायचं, आणि तेही वाढवून.

मास्तर रक्त न देताच सुटले, ते थेट हेडसरांच्या दारात. हेडसर तीच पँट घालून पायरीवर उभे होते.

"सर, पँट काढा."

"इथे?"

"शिवण कच्ची राहिलीय. बसलात की उसवेल."

"कालपासून बसतोय. उलट आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही पोटाचा मान राखलात, मास्तर. मी नाही काढत."

"मग निदान खिसे बघू द्या!"

"माझे खिसे तुम्ही काय म्हणून बघायचे?"

मास्तरांना वाटलं, यांनी वाचलंय आणि आता मजा बघतायत. झालं! बांध फुटला. मधुमेह, चार महिने, टेबल, डॉक्टरीणबाई, सगळं भडाभडा बाहेर आलं. शेवटी हात जोडून म्हणाले, "तुम्ही चिठ्ठी वाचलीच आहे. आता एवढं पोटात ठेवा."

"कुठली चिठ्ठी?" हेडसर म्हणाले. "पँटला टाचणीसुद्धा नव्हती."

मास्तर पायरीवर मटकन बसले.

हेडसरांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं, मास्तरांना दंडाला धरून आत ओढलं आणि दाराला कडी घातली. आयुष्यात पहिल्यांदा ते कुजबुजले. "अकरा वर्षं, मास्तर. साखर अकरा वर्षं, आणि ते दुसरं तीन. मला वाटायचं, जगात मी एकटाच. त्या बाईंचा दवाखाना कुठंसा म्हणालात?"

ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, ते गृहस्थ तीन वर्षं अख्खं पोतं गिळून बसले होते.

मास्तर घरी आले, तर दुकानाच्या उंबऱ्यावर बायको कापडी बूट घालून बसलेली. तिच्या मांडीवर ती चिठ्ठी, व्यवस्थित चार घड्यांची.

"अहो, चिठ्ठी काढल्याशिवाय मी कधी गिऱ्हाईकाला कपडा दिलाय?" ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत?"

"म्हणजे तू सोमवारीच..."

"सोमवारीच. तंबाखूची डबी मंगळवारी टाकली, तुम्हाला वाटलं हरवली. दोघांचं गुरुवारचं सांगून ठेवलंय. फक्त 'पत्नीशी बोलणे' तेवढं तुमच्यावर होतं. म्हणून चार दिवस थांबले."

मास्तरांनी मान खाली घातली. "मी हेडसरांशी बोलून आलो."

"कशाबद्दल?"

"याचबद्दल."

"बरं झालं," बायको म्हणाली. "तिथे लिहायला हवं होतं, आपल्याच पत्नीशी." मग काही वेळ ती बुटाची नाडी उगाच सोडून परत बांधत राहिली. "आणि मी चार महिने आरशात बघत होते. म्हटलं, मीच जुनी झाले."

मास्तर तिच्या शेजारी बसले, आणि मग त्या जुन्या मशीनची, इच्छेची, भीतीची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले. सांगता सांगता दोघं उठून चालायला लागले. पाऊण तासाचं चालणं दीड तास झालं.

गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर हेडसर सपत्नीक बसलेले होते. दोघी बायकांच्या गप्पा लगेच रंगल्या. दोघं पुरुष छताकडे बघत राहिले.

"कुणाला सांगू नका," हेडसर पुटपुटले. "आणि पँट कमरेत थोडी सैल व्हायला लागलीय. चालण्याने."

सगळं आठवड्यात जागच्या जागी आलं असं सांगितलं तर ती शुद्ध थाप होईल. साखर सावकाश उतरली, आलेख चांगला आला, गोळीही मिळाली. कधी जमलं, कधी नाही. पण त्या गुरुवारनंतरच्याच सोमवारी सकाळी गिऱ्हाईक आलं, तेव्हा कापायच्या टेबलावर उशी नव्हती. कापड पसरलेलं होतं.