गोंदाजीच्या मळ्यात विचारायचं नाही

गोंदाजी माळी माणसांना 'काय बे' म्हणायचा आणि वांग्यांना 'राजेहो'. तहसीलदार मळ्यात आले तरी हा बसल्या जागेवरून मान हलवणार; वांगं तोडताना मात्र "येता का राजेहो?" असं विचारून हात घालणार. वांगी कधी नाही म्हणाली नाहीत, त्यामुळे त्याचं चांगलंच फावलं होतं.

ती कापसाच्या भावाची वर्षं. दूर अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या अकोल्यात शहाणपणाला ओहोटी लागली. लोकांनी ज्वारी मोडली, तूर मोडली, परसातली मेथीसुद्धा उपटून कपाशी लावली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आणि चांदीच्या ताटात भाजीऐवजी रोज पिठलं आलं. मी कापसाचा दलाल, म्हणजे या शहाण्यांचा पुढारी. मोर्णा नदीकाठचा मळा कपाशीखाली आण म्हणून मी गोंदाजीला तीनदा समजावलं. "कपाशी वाढली का लेकरं दिसत नाहीत मले," एवढंच तो म्हणाला.

लेकरं म्हणजे गावाला नकोशी झालेली. कुणाचे आईबाप पटकीनं नेलेले, कुणी तोतरं, कुणी दिसेल त्याला दगड मारणारं. प्रत्येकाला हा एक वाफा देई आणि एक खुरपं. दगड मारणाऱ्याच्या हाती खुरपं द्यायची अक्कल फक्त याच्याकडेच. मळ्याचा कायदा एकच, लेकराला काही विचारायचं नाही. "इचारलं का लेकरू मिटते," म्हणे. मी एका पोरीला सहज "कोणाची गं तू?" म्हणालो, तर शिक्षा म्हणून गोंदाजीनं मला धुतल्या धोतरासकट कोथिंबीर निंदायला बसवलं. मी तण समजून निम्मी कोथिंबीर उपटली. ती पोर त्या दिवशी पहिल्यांदा हसली, असं मला नंतर कळलं.

मग पाळी माझ्यावर आली. भाव चढा होता म्हणून कापसाच्या गाड्या घेऊन मीच दादाला अमरावतीला धाडलं. देवीचं दर्शन होईल म्हणून वहिनीही गेली. दोघंही तिथेच पटकीनं गेली. त्यांची आठ वर्षांची चिमी माझ्या घरी आली ती मुकी होऊनच. वैद्य झाले, अंगारे झाले, चांदीची बाहुलीही झाली. मी रोज तिच्यासमोर बसून "बोल ना वं, माय" म्हणायचो. शेवटी मान खाली घालून तिला मळ्यात राहायला नेलं.

गोंदाजीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. चिमीला काकडीचा वाफा दाखवून तो निघून गेला. पहिल्या पंधरवड्यात तिनं पाणी पाजून पाजून सगळे वेल कुजवले. "माह्याही हातून होते," म्हणून त्यानं पुन्हा बी दिलं. या खेपेला वेल धरले. पहिली चांगली काकडी त्यानं लाल दोरा बांधून बियाण्यासाठी राखली. असं दोरा बांधलेलं फळ आमच्याकडे कुणी तोडत नाही. ते पिवळं पडेस्तोवर वेलावरच राहतं.

कापसाच्या नादात मी तेही विसरलो होतो. एका सकाळी एका व्यापाऱ्याला मळा दाखवताना मी ऐटीत नेमका त्याच काकडीला हात घातला.

"हात नोको लावू काका. बियाची आहे."

सहा महिन्यांनी ऐकलेला चिमीचा आवाज. मी वाफ्यातच बसलो आणि त्या पाहुण्यादेखत रडलो. डोळे पुसले आणि म्हणालो, हिला आजच घरी नेतो.

गोंदाजी मोटेचा दोर गुंडाळू लागला.

"न्या," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "माही गंगीबी बोलत नव्हती. माय मेली तवापासून. मी रोज इचारलं, काहून बोलत नाहीस. वैदू आनले. एक डाव मारलंबी. दहा वर्साची झाली अन् तापात गेली. बापासंग एक शबद नाही बोलली."

चिमीचा हात धरून मी कवाडापर्यंत आलो, तर तो मागोमाग आला.

"उद्या पाठवसान का तिले? पान्याची पाळी आहे तिची. सांजेले नेजा."

पाठवतो, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत गोंदाजी आमच्या दारात उभा होता. इतक्या सकाळी कसा, म्हटलं, तर पायांची माती उंबऱ्यावर झाडत म्हणाला, "काकड्या वाट पाहून राहिल्या तिची."