अठरावा स्वेटर

मुलुंडच्या कुंदाबाई सबनीस यांनी १९५६ सालच्या डिसेंबरात स्वतःसाठी एक स्वेटर विणायचे ठरवले. पुढे जे झाले ते सगळे नियमाला धरून झाले, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. नाहीतर वाचणाऱ्याला उगाच कोणाचा तरी राग यायचा.

कुंदाबाईंचा हात विणकामात चांगला बसलेला होता. लग्नाला एकोणीस वर्षे झाली, तेवढ्यात त्यांच्या सुयांवरून सतरा स्वेटर उतरले. त्यांतले तीन यजमानांचे, म्हणजे मधुकररावांचे: एक कचेरीत जायचा, एक घरात घालायचा आणि एक कोणी भेटायला आले तर चढवायचा. बाकीचे सासऱ्यांना, जोगेश्वरीच्या नणंदेच्या यजमानांना, भांडुपच्या भाच्यांना आणि मधुकररावांच्या हेडक्लार्कला गेले. हेडक्लार्कला दोन, कारण पहिला त्याला पोटावर घट्ट झाला. सगळ्यांनी ते स्वेटर मोठ्या मनाने स्वीकारले. एकाने तर गळा जरा सैल झाला आहे, हेही मोकळेपणाने सांगितले.

त्या वर्षी भगिनी विणकाम मंडळाकडे लोकरीचा जो गठ्ठा आला, त्यात मोरपंखी रंगाच्या लड्या होत्या. हा रंग बाजारात कुठे नव्हता. कुंदाबाईंनी एक लडी गालाला लावून पाहिली आणि त्यांच्या मनाने घेतले की हा रंग आपल्या अंगावर हवा. निमित्तही होते. पहाटे पाचला खालच्या सार्वजनिक नळावर पाण्यासाठी उभे राहावे लागे, आणि डोंगराकडून वारा सुटला की पदर कानावरून दोनदा घेऊनही भागत नसे. पण खरे सांगायचे तर निमित्त नसते तरी त्यांना तो हवाच होता. माणसाला हौस असते, तशी ती होती.

मंडळातून लोकर मिळायची तर छापील अर्ज करावा लागे. रकाना चौथा: ज्यांच्यासाठी विणावयाचे त्यांचे नाव. रकाना पाचवा: विणणारीशी नाते. कुंदाबाईंनी चौथ्यात स्वतःचे नाव लिहिले आणि पाचव्यात लिहिले, 'मीच'.

चिटणीस वसुधाबाई याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. वीस वर्षांची मैत्री, पण कागद हातात आला की त्यांना मैत्रीचा विसर पडे.

"अगं कुंदा, 'मीच' हे काय नातं झालं?"

"मग काय लिहू?"

"यजमान लिही, मुलगा लिही, मामेसासरे लिही. नात्याला काय तोटा आहे का गं? स्वतःचं स्वतःशी नातं असतं असं आजवर कोणी लिहिलेलं नाही."

अर्ज मात्र परत घ्यायची सोय नियमात नव्हती. तेव्हा तो पुढे गेला. नियमाप्रमाणे स्वेटर घेणाऱ्याचे संमतिपत्र जोडावे लागे, म्हणून कुंदाबाईंनी कुंदाबाईंकडून स्वेटर घेण्यास आपली हरकत नसल्याचे लिहून दिले. छाननीत असे आढळले की देणारीची आणि घेणारीची सही हुबेहूब एक आहे. मंडळाच्या इतिहासात सहीची अशी नक्कल प्रथमच होत होती. प्रकरण संशयास्पद ठरले आणि सभेपुढे गेले.

अध्यक्षा मृणालिनीबाईंनी आयुष्यात एक टाका घातलेला नव्हता. त्यामुळे विणकामाकडे त्या तटस्थपणे पाहू शकत. त्यांनी सभेला समजावले की सुई बोचते ती विणणारीला आणि ऊब लागते ती दुसऱ्याला, यातच विणकामाचे मोठेपण आहे. उद्या प्रत्येक बाई आपापल्यासाठी विणू लागली तर पुरुषांनी काय करायचे? मग त्यांनी चष्मा काढला आणि अगदी मायेने विचारले, "शिवाय कुंदाताई, मुलुंडात थंडी असते तरी कुठे?"

हा प्रश्न सभेला एकदम पटला. इतका पटला की लगेच थंडी शोध समिती नेमली गेली.

समितीच्या तिघी जणी रविवारी दुपारी अडीच वाजता सबनिसांकडे आल्या. सभासदांच्या सोयीची वेळ हीच होती. बरोबर थर्मामीटर आणले होते. ते खिडकीत टांगले, चहा झाला, पोहे झाले, आणि पारा पाहिला तर सत्त्याऐंशी. कुंदाबाई म्हणाल्या, थंडी पहाटे पाचला नळावर असते. त्यावर समितीने नोंद केली की पहाटे पाच ही मंडळाच्या कामकाजाची वेळ नाही, सबब त्या थंडीची दखल घेता येत नाही.

मधुकररावांचीही साक्ष झाली. ते स्वभावाने सरळ गृहस्थ. बायकोच्या विरुद्ध बोलावे असे त्यांच्या मनात काही नव्हते.

"हिला थंडी? छे हो. एकोणीस वर्षांत कधी बोलली नाही."

"विचारलं होतं का कधी?" कुंदाबाईंनी आतून विचारले.

"आता ही म्हणजे..." असे म्हणून मधुकरराव समितीकडे पाहून समजूतदारपणे हसले, आणि समितीही हसली.

अहवाल आठवड्याभरात आला. अर्जदारास थंडी वाजल्याचा पुरावा नाही. घरात तीन स्वेटर आढळले, तेव्हा कुटुंबात स्वेटरची टंचाईही नाही. तरीही अर्जदाराची जुनी सेवा लक्षात घेऊन लोकर द्यावी. मात्र तयार स्वेटर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळापुढे ठेवावा आणि त्याचे काय करायचे ते तेव्हा ठरावे.

कुंदाबाई काही लेच्यापेच्या नव्हत्या. त्यांनी विचार केला, आपण स्वेटर असा विणू की तो आपल्याखेरीज कोणालाच होणार नाही. त्या अंगाने किरकोळ. खांदे अरुंद, हात आखूड. टेप लावून त्यांनी आपले माप घेतले आणि एक टाकाही जास्त घातला नाही. मधुकररावांना होणार नाही, हेडक्लार्कला तर डोक्यातूनही जाणार नाही. महिनाभर त्या दुपारची झोप सोडून विणत होत्या आणि आजवर कधी नव्हे ते विणताना गुणगुणत होत्या.

संक्रांतीला प्रमुख पाहुणे म्हणून एक व्याख्याते आले. विषय होता 'स्त्री: एक तेवती वात'. पाहुणे विद्वान होते. खांदे अरुंद, हात आखूड.

मृणालिनीबाईंनी पाहुण्यांकडे पाहिले, टेबलावरच्या मोरपंखी स्वेटरकडे पाहिले, आणि सत्काराच्या नारळाबरोबर तो त्यांच्या हातात दिला. पाहुण्यांनी तो तिथेच चढवला. कुठे सुरकुती नाही.

"अगदी माझ्याच मापाचा," ते भारावून म्हणाले, आणि भर दुपारी पत्र्याखाली तासभर घाम पुसत तेवत्या वातीवर बोलले. त्यांना थंडी वाजते का, हे कोणी विचारले नाही. थर्मामीटर कपाटातच होते.

कुंदाबाईंना निःस्वार्थ विणकामाचे पहिले प्रशस्तिपत्र मिळाले. वसुधाबाईंनी जुना अर्ज काढून पाचव्या रकान्यातले 'मीच' खोडले, तिथे 'प्रमुख पाहुणे' लिहिले आणि सुटकेचा श्वास सोडला. दप्तर स्वच्छ झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंदाबाई नळावर पदर कानावरून दोनदा घेऊन उभ्या होत्या. घागर भरेपर्यंत त्यांचा विचार पक्का झाला. त्याच दुपारी त्यांनी उरलेल्या मोरपंखी लड्यांसाठी नवा अर्ज केला. रकाना चौथा: लवू सबनीस. रकाना पाचवा: धाकटे दीर.

मधुकररावांना भाऊच नव्हता. लवू नावाचा दीर सबनिसांच्या घरात कधी जन्मालाच आला नव्हता. पण त्याला थंडी वाजत असणार, याबद्दल मंडळात कोणाला शंका आली नाही. समिती नाही, संमतिपत्र नाही, थर्मामीटर नाही. वीस वर्षांच्या मैत्रिणीने नाव वाचले, नाते वाचले आणि उभ्या उभ्या शिक्का मारला. "दिरासाठी ना? मग प्रश्नच नाही," म्हणाल्या, आणि दोन लड्या जास्त दिल्या. पुरुषाचे अंग, कमी पडायला नको.

फेब्रुवारीत एका पहाटे कुंदाबाई मोरपंखी स्वेटर घालून नळावर आल्या. रांगेतल्या वसुधाबाईंनी डोळे बारीक करून पाहिले.

"अगं, हा लवूभावजींचा ना?"

"हो ना. आखूड झाला त्यांना. म्हणाले, टाकून द्या."

"मग बरं केलंस घातलास ते," वसुधाबाई समाधानाने म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचा?"

गोष्ट संपली. आता वाचणाऱ्यांनी एकच गोष्ट प्रामाणिकपणे आठवावी. सुरुवातीला एका घामट गावातले सतरा स्वेटर आपण भराभर वाचून पुढे गेलात. मुलुंडात थंडी असते कुठे, हा प्रश्न तेव्हा मनात आला होता का? की तो अठराव्यापाशीच पहिल्यांदा सुचला? तसे झाले असेल तर मंडळाचा अर्ज भरायची तसदी घेऊ नये. आपले सभासदत्व केव्हाच मंजूर झालेले आहे.