आठवा माणूस

बूरावी साहेबांचा फोन बरोबर आठ वाजता आला. "मास्तर, सूसहून निघायला लुआजमध्ये बसलोय," एवढंच म्हणाले आणि फोन बंद. लुआज म्हणजे शेअर टॅक्सी, बीर सालमला तासात पोचणार! शाज़ली मास्तर शाळेचा फळा पुसायला धावले. सात वर्षं हंगामी नोकरी! आज साहेबांनी वर्ग तपासायचा, शेरा द्यायचा, आणि त्या कागदावर चारच्या आत सूसच्या कचेरीत शिक्का बसला, तरच मास्तर कायम. आजची तारीख शेवटची.

साहेब आत येतील तेव्हा पोरं पटापट गणितं सोडवताना दिसायला हवीत. म्हणून मास्तरांनी साहेबांचंच गणित फळ्यावर घातलं: 'लुआज सूसहून आठला सुटते. अंतर साठ किलोमीटर, वेग ताशी साठ. बीर सालमला किती वाजता पोचेल?'

एकाही पोराने पेन उचललं नाही.

"काय रे, मूग गिळून बसलात सगळे?"

दुर्साफ उभी राहिली. तिचा बाप अम्मार लुआज चालवायचा. "सीदी, माणसं किती भरलीत?"

"माणसांचा इथे काय संबंध?"

"आठ भरल्याशिवाय लुआज सुटत नाही, सीदी."

"गणितातली सुटते!"

"मग त्या ड्रायव्हरला परवडतं कसं?" मागून कोणीतरी विचारलं आणि वर्ग खिदळला.

मास्तरांनी फळ्यावर ठसठशीत 'नऊ' लिहिलं. दुर्साफ काही खाली बसेना. "सीदी, सुटायची वेळ आठ नाही, ती 'क्ष' आहे. आज गुरुवार ना? गुरुवारी सकाळी इकडे यायला सातच माणसं असतात. आठवी मन्नूबिया मावशी. ती सूसला गुडघ्यात इंजेक्शन घेते, लेकीकडे चहा पिते आणि दहा चाळीसला थांब्यावर येते. त्यात प्रवासाचा एक तास मिळवा."

"वा! ये, लिही की तुझं पण उत्तर," मास्तर खवचटपणे म्हणाले. तिने खरंच येऊन 'अकरा चाळीस' लिहिलं.

नऊ वाजले. दहा वाजले. साहेबांचा फोन लागेना. मास्तर खिडकीतून दारात आणि दारातून खिडकीत करत होते. गेली नोकरी, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. पोरांनाही वाईट वाटलं. त्यांनी आपणहून पाढे म्हणायला घेतले.

अकरा पंचेचाळीसला दार उघडलं. साहेब घामाघूम होते आणि कोटाला कोंबडीची पिसं चिकटली होती.

"पावणेतीन तास नुसता बसून होतो हो! पंधरा वेळा विचारलं, कधी सुटणार? तर म्हणे, मावशी येऊ दे. मावशी आली ती कोंबडी घेऊन, आणि ती कोंबडी माझ्या मांडीवर!" बोलता बोलता त्यांची नजर फळ्यावर गेली. "हे 'नऊ' कोणाचं?"

मास्तरांनी डस्टर उचललं. "माझं."

"साफ चूक. आणि अकरा चाळीस?"

सगळ्या वर्गाने दुर्साफकडे बोट दाखवलं.

"पाच मिनिटं तर मला थांब्यापासून चालत यायला लागली! मास्तर, पोरांना विचार करायला शिकवलंत तुम्ही. असा माणूस हंगामी ठेवायचा म्हणजे पाप आहे." साहेबांनी खाली बसून लांबलचक शेरा लिहिला आणि झोकात सही केली. मास्तरांना रडावं की हसावं कळेना.

दीड वाजता मास्तर आणि दुर्साफ साहेबांना पोचवायला थांब्यावर गेले. अम्मारच्या लुआजमध्ये सहा जण होते. साहेब सातवे.

"एक कमी आहे," अम्मार सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणाला.

दोन वाजले. अडीच वाजले. "अरे, एक कमी असला तरी सोड की गाडी!" मास्तर काकुळतीला आले. "तीनच्या आत गाडी निघाली नाही तर माझा शिक्का गेला!"

"आठ माणसं, मास्तर. नियम म्हणजे नियम."

"आठव्या जागेचे पैसे माझ्याकडे मागू नका, माझा भत्ता एकाच जागेचा आहे," साहेबांनी लगेच हात वर केले.

दुर्साफने मास्तरांची बाही ओढली. "सीदी, तुम्हीच बसा ना."

मास्तर उडी मारून आत शिरले. लुआज सुटली. वेग ताशी साठ, अंतर साठ, पोचले साडेतीनला! पावणेचारला शिक्का बसला. शाज़ली मास्तर कायम झाले.

त्यांनी बायकोला फोन लावला. "झालं गं, झालं! कुसकुस शिजायला टाक, एका तासात घरी येतो!"

आनंदाने तरंगतच ते सूसच्या थांब्यावर आले. बीर सालमची लुआज उभी होती. मास्तर आत बसले आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलं. बाकीच्या सातही जागा रिकाम्या होत्या.