ताइस्तोची बोट

हिल्काला एकच घोर लागला होता. तिच्या नवऱ्याची, ताइस्तोची बोट अजून तळ्यातच असणार.

खरी बोट नव्हे. ती तिने आणि शेजारच्या उर्पोने ऑक्टोबरात, गुडघाभर चिखलातून ओढून काठावर पालथी घातली होती. ही लॅपटॉपमधली, मासेमारीच्या खेळातली. सप्टेंबरात इस्पितळात जायच्या दिवशी सकाळी ताइस्तो शेवटचा खेळला होता. तो परत आला नाही, आणि लॅपटॉपला त्यानंतर कोणी हात लावला नव्हता.

"तळं गोठायच्या आत बोट बाहेर काढली नाही, तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही," ती म्हणाली.

"आई, त्या खेळातल्या गावात कोणी राहत नाही," हेलसिंकीहून आलेली मुलगी मार्केट्टा म्हणाली.

"तुझे बाबा राहायचे."

मार्केट्टाने लॅपटॉप उघडला. तिने खेळ सुरू केला. वाऱ्याचा आवाज आला, पडदा मात्र कोरा पांढरा.

कॉफीच्या वासाने आलेल्या उर्पोने वाकून पाहिलं. "ग्राफिक्स ड्रायव्हर जुना झालाय. चित्र दाखवणारा प्रोग्राम असतो तो. नवा टाक."

"काका, तुम्ही टाकलाय कधी?"

"पुतण्या टाकतो. मी बघतो."

जुना ड्रायव्हर काढताच पडद्यावरची अक्षरं भोपळ्याएवढी झाली. "राहू दे गं असंच," हिल्का खूश झाली. "चष्म्याशिवाय वाचता येतंय!"

नवा टाकला, तर सगळा पडदाच उलटा. उर्पोने काहीही न बोलता लॅपटॉप उचलून पालथा धरला. चित्र सुलटं झालं, पण कळफलक वर आणि मार्केट्टाची बोटं खाली, अशी गत झाली.

"काका, जरा उजवीकडे!"

"कोणाच्या उजवीकडे?"

"लॅपटॉपच्या!"

"लवकर कर बाई, खांदा गेला माझा."

तो ड्रायव्हर भलत्याच लॅपटॉपचा निघाला. मग दुसरा शोधला, तो टाकला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. कॉफीची दुसरी किटली संपली. शेवटी सगळं जागच्या जागी आलं आणि मार्केट्टाने श्वास रोखून खेळ उघडला.

पांढरं. तेवढंच पांढरं.

"आधीपेक्षा स्वच्छ आहे पण," उर्पो म्हणाला.

हिल्काने चष्मा चढवला, पडद्याला नाक लावलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा पडद्याकडे.

"अगं, हा बर्फ आहे."

"काय?"

"जानेवारी आहे ना! यातही आपलेच महिने चालतात. ताइस्तोनेच तसं लावून घेतलं होतं. तळं गोठलंय नुसतं. काही बिघडलेलं नाही."

मार्केट्टाने बाणाचं बटण दाबलं. पांढरं हळूहळू सरकलं. काठ आला, धक्का आला. धक्क्यापाशी काठावर, बर्फाने झाकलेली, नीट पालथी घातलेली बोट होती. वल्ही आत सारलेली.



"सप्टेंबरातच बाहेर काढून ठेवली?" हिल्का म्हणाली. "तेव्हा तर मासे चांगले लागत होते."

मार्केट्टाने मान खाली घातली. उर्पो रिकाम्या कपातली कॉफी पीत राहिला.

हिल्काने चष्मा काढून स्वेटरच्या बाहीने बराच वेळ पुसला.

"बघा," ती म्हणाली, "इथली बोट आवरून गेला. आणि खरी ठेवली मला, चिखलात ओढायला."