विलायती बाटली आणि सासूबाईंचे गुडघे

"आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही आणि येणारही नाही!" हे मी शेजारच्या वनमालाबाईंना इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांना ते पाठच झालं होतं. आणि चौऱ्याऐंशीच्या आश्विनात माझे दीर मस्कतहून विलायती व्हिस्की घेऊन भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत हजर!

"वहिनी, ऑफिसातल्या सामंतसाहेबांना बोलवा. दादाची नागपूरची बदली एका ग्लासात रद्द!"

आमचे हे आयुष्यात साध्या सोड्याच्या पुढे गेलेले नाहीत. पण अंथरुणावरच्या आईला टाकून नागपूरला कसं जायचं? साहेबांना गुरुवारचं आमंत्रण गेलं.

अडचण एकच. बाटलीवर सोनेरी हरीण होतं, आणि आमचा देव्हारा स्वयंपाकघरात. बाटली कुठंही ठेवा, ते हरीण थेट दत्तगुरूंकडे बघे! मग मी युक्ती केली. व्हिस्की सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून फळीवर ठेवली आणि हरीण ट्रंकेत घातलं. साहेब यायच्या आधी परत ओतली की झालं. सरबताच्या बाटलीवर देवाचा काय राग असणार?

पण त्याच फळीवर सासूबाईंचं गुडघ्याचं औषध होतं. गुणाजीमामा ते मालवणहून पाठवत. बाटली तसलीच, रंगही तसलाच. त्यात माझं नाक तीन दिवस चोंदलेलं!

गुरुवारी माझं मौन असतं, रात्री आठच्या आरतीपर्यंत. बारा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. सहाला सासूबाईंचे गुडघे चोळले. साडेसहाला नरसाळं लावून हरणाचं पोट भरलं. सातला साहेब आले.

पहिल्याच घोटाला साहेबांचे डोळे लाडवाएवढे झाले!

"परब, हे... हे काय आहे?"

"स्कॉच, सर! एकदम अस्सल!"

मी भजी ठेवायला वाकले, तर साहेबांच्या ग्लासात ओव्याचा दाणा तरंगतोय! विलायतेत ओवा? ओवा तर सासूबाईंच्या औषधात असतो! गुणाजीमामांनी बजावलं होतं, "ह्यां निसता लावचां हां, पोटात घेवचां नाय!"

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"घ्या ना सर, आमच्या मंडळींचा आग्रह आहे!" म्हणत ह्यांनी ग्लास काठोकाठ भरला.

मी स्वतःचे गुडघे बडवले. हे क्षणभर गोंधळले, लाल झाले, आणि सरळ वाकून साहेबांच्या पाया पडले!

"अहो परब, उठा! असं काय करताय?" गडबडीत साहेबांनी दुसराही ग्लास संपवला.

पावणेआठ. आठपर्यंत माणूस टिकेल का? एकीकडे बारा वर्षांचं व्रत, एकीकडे साहेबांचं आतडं! दत्तगुरू, क्षमा करा, असं मनात म्हणून मी बोलले, "पिऊ नका."

कोणाला ऐकूच गेलं नाही! माझा आवाजच तेवढा. हे तिसरा ग्लास भरू लागले. तेव्हा मात्र मी जन्मात पहिल्यांदा ओरडले, "थांबा! ते गुडघ्याचं औषध आहे!"

ह्यांच्या हातात बाटली तशीच राहिली. साहेबांनी ग्लास नाकाशी नेला.

"ओवा... सुंठ... अहो, ही तर आमच्याकडची काजूची दारू! माझी आजी गुडघ्याक लावी आणि उरलेली आजोबा पी!" साहेबांनी टाय सैल केला. "वहिनी, खरं सांगू? वीस वर्षं ती महागडी विलायती पितोय. जळक्या लाकडाचं पाणी नुसतं! पण साहेब झालो ना, आवडते म्हणावं लागतं."

"आणि... बदली, सर?" ह्यांनी घाबरत विचारलं.

"तुम्ही नागपूरला गेलात तर हे मला कोण आणून देणार? भरा तो ग्लास!"

काजूची दारू? मी माझ्या हातांकडे बघत राहिले. नऊ वर्षं ह्याच हातांनी रोज गुडघे चोळले आणि ह्याच हातांनी तुळस खुडली! आणि मग आज चोळलं ते काय होतं?

आतून सासूबाईंचा आवाज आला, "गो सुने, आजचां औषद अगदीच पुचाट गो! ऊबच येना नाय. उद्या गावचांच लाय!"

माझी आरोळी ऐकून वनमालाबाई धावत दारात आल्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

"काय गं, दारूचं काय म्हणत होते ते?"

मी घड्याळाकडे पाहिलं. आठला दहा मिनिटं कमी होती. मी ओठांवर बोट ठेवलं.

मौन होतं ना माझं!