उजव्या बाजूने बोलावे

दोन माणसं वीस-वीस वर्षं शेजारच्या टेबलांवर काम करतात आणि तरी एकमेकांना ओळखत नाहीत, यात दोष माणसांचा नसतो, नमुन्याचा असतो. जी माहिती भरायला रकानाच नाही ती माहिती अस्तित्वातच नसते, हे शासकीय, निमशासकीय आणि सासरकडच्या अशा तिन्ही व्यवहारांत सिद्ध झालेलं आहे.

नागपुरातल्या मध्य विदर्भ संत्रा प्रतवारी मंडळाने ही उणीव गेल्या उन्हाळ्यात भरून काढली. प्रशासन अधिकारी भूमिका मॅडम लोणावळ्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परतल्या, त्या चिक्कीचे दोन डबे आणि एक नमुना घेऊन. चिक्की त्याच दिवशी संपली. नमुन्याचं नाव होतं 'माझ्याशी काम कसे करावे', क्रमांक मा.का.-१, एकूण प्रश्न चौदा. आपणास सूचना तोंडी आवडतात की लेखी? आपल्याशी बोलण्यास योग्य वेळ कोणती? वाईट बातमी आपणास कशी सांगावी? (हा प्रश्न मंडळाने आजवर एकाही बागायतदाराला विचारलेला नाही.) आणि अकरावा प्रश्न : आपल्याशी बोलताना सहकाऱ्यांनी कोणती काळजी घ्यावी?

"अगदी मोकळेपणाने लिहा," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. जे मोकळेपणाने लिहिणार नाहीत, त्यांचा खुलासा मागवण्यात येईल."

मंडळात माणसं सत्तावीस. पैकी नत्थूजी शिपाई यांना फॉर्म मिळाला नाही, कारण ते फॉर्म वाटत होते. पंचवीस जणांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. उरलेल्या एकाने, म्हणजे आवक-जावकच्या चंद्रभानने, तो दोनदा वाचला आणि अकरावा प्रश्न तिसऱ्यांदाही वाचला. नोकरीच्या एकोणीस वर्षांत असं काही त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

चंद्रभानला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मंडळाच्या काटोल केंद्रावर संत्र्यांची प्रतवारी करणारं मशीन आहे आणि त्या मशीनचा पंखा अकरा वर्षं त्याच्या डाव्या हाताला गरगरत होता. नागपूरला बदली झाली तेव्हा माणूस आला, कान काटोललाच राहिला. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्या माणसाला काय काय नावं पडतात, हे तो गावात पाहून आला होता. त्यात नागपूरच्या ऑफिसात त्याचं टेबल असं लागलं की उजव्या कानाशी खिडकीतला कूलर. मे महिन्यात कूलर काय आवाज करतो हे नागपूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. एक कान गेलेला, दुसऱ्यात कूलर भरलेला. लोक हाका मारमारून दमत आणि चंद्रभान शांतपणे शिक्के मारत बसे.

"लय अकडू आहे बाप्पा," असा ऑफिसचा निष्कर्ष होता. गोपनीय अहवालात 'वरिष्ठांच्या बोलण्याकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष' हा शेरा लागोपाठ दोन वर्षं आला होता. तिसऱ्यांदा आला की परत काटोल, परत मशीन. म्हणजे शिल्लक कानाचीही विल्हेवाट.

म्हणून चंद्रभानने फॉर्म मनापासून भरला. अकराव्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं : 'मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. काटोल येथील मशीनवर अकरा वर्षे काम केल्याने असे झाले आहे. कृपया उजव्या बाजूने बोलावे व कूलर डावीकडे असावा. मी मुद्दाम दुर्लक्ष करत नाही.' शेवटचं वाक्य त्याने खोडलं, मग पुन्हा लिहिलं. सही झाल्यावर त्याला बरं वाटलं.

शुक्रवारी चार वाजता आस्थापनेचा मुकुंद त्याच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"चंद्रभान, झाला का गा तुया फॉर्म भरून? दे न इकडे. पाहून लिहितो."

चंद्रभानने दिला. त्याला वाटलं, वाचेल तर बरंच आहे. पण मंडळात वाचणे आणि उतरवणे ही दोन स्वतंत्र कामं आहेत आणि ती एकाच माणसाने एकाच वेळी केल्याची नोंद नाही. प्रथा अशी : कुठलाही फॉर्म आला की जो पहिला सुवाच्य भरला जाईल, तो सर्वांचा. मुकुंदचं पाहून लेखा विभागाच्या नंदिनीने लिहिलं, नंदिनीचं पाहून लेखा विभागाने, लेखा विभागाचं पाहून ज्यांना कुठलाच विभाग नाही त्यांनी. त्याआधीच्या ऑगस्टात लागलेला चोवीस वर्षांचा रोहित बघता बघता काटोलच्या मशीनवर अकरा वर्षं काम करून आला. एकाने तर निष्ठेची कमाल केली आणि खाली सहीसुद्धा चंद्रभानचीच उतरवली. फक्त प्रीतम स्वाभिमानी निघाला. कुणाचं पाहून लिहिणं त्याच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून त्याने 'डाव्या'च्या जागी 'उजव्या' लिहिलं.

पाचला दोन मिनिटं कमी असताना चंद्रभानचा फॉर्म त्याच्याकडे परत आला. आवकेचा शिक्का त्याच्याच हातात. आधी इतरांच्या फॉर्मवर मारून त्याने स्वतःच्या फॉर्मवर शेवटी मारला, कारण घरी त्याला तसंच शिकवलेलं होतं. आवक क्रमांक सव्वीस.

सोमवारी मॅडमनी निष्कर्ष जाहीर केले :

डावा कान निकामी : २५ (९२.६ टक्के)
उजवा कान निकामी : १ (३.७ टक्के)
माहिती अप्राप्त : १ (नत्थूजी, यांना सगळं ऐकू येतं, पण तसा पुरावा नाही)

'कर्मचाऱ्यांत विलक्षण एकवाक्यता आढळते,' असं त्यांनी अहवालात लिहिलं आणि लगोलग परिपत्रक काढलं. यापुढे प्रत्येकाशी त्याच्या उजव्या बाजूनेच बोलावे (प्रीतम वगळून). आता मी तुमच्या उजवीकडे बसलो आणि आपलं दोघांचं तोंड एकीकडे असलं, तर तुम्ही माझ्या डावीकडे येता. तेव्हा एक टेबल पूर्वेला तोंड करून आणि शेजारचं पश्चिमेला, अशी रचना करण्यात आली. कूलर मात्र सगळ्यांच्या डावीकडे असणं भूमितीला मान्य होईना. म्हणून तो व्हरांड्यात नेऊन ठेवला. बाहेर पंचेचाळीस अंश होते.

'मला ऐकू येतं' म्हणायचं, तर 'मी न वाचता उतरवलं' हेही म्हणावं लागलं असतं. तेव्हा पंचवीस धडधाकट माणसं घामाने निथळत एकमेकांना प्रदक्षिणा घालू लागली.

चंद्रभान मात्र सुखात होता. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला ऑफिस ऐकू आलं. नंदिनी बेरीज करताना गुणगुणते, हे त्याला कळलं. पाठीमागे कुणीतरी "अकडू" म्हणालं, तेही कळलं, त्याने वळून "काय म्हणता भाऊ?" असं इतक्या आनंदाने विचारलं की म्हणणारा गडबडला. मुकुंदने कुजबुजत कुणाला तरी तंबाखू-सुपारीचा खर्रा मागितला तर चंद्रभाननेच पुडी काढून पुढे केली. घरी जाताना स्कूटरवर तो हसत असे.

हे सुख आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी मॅडमनी सर्वांची कानतपासणी ठरवली आणि मुकुंदच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ आत गेलं.

"मॅडम, आम्हाले आयकू येते," मुकुंद म्हणाला. "पहिलेपासूनच येते."

कूलर त्याच दुपारी आत आला. टेबलं जागच्या जागी गेली. आणि कुणी कुणाचं पाहून लिहिलं याचा शोध घ्यायला निवृत्त अधिकारी वामनराव यांची एकसदस्यीय समिती नेमण्यात आली. वामनरावांनी सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं.

"सगळ्यायनं सगळ्यायचं पाहून लिहिलं, साहेब," मुकुंदने सांगितलं. चंद्रभानकडे त्याने बघितलं नाही.

"साहेब, माया कान खरंच गेला आहे," चंद्रभान उठून म्हणाला. "तपासून पाहा न एकदा."

वामनराव मायाळू गृहस्थ. ते हसले.

"अरे, कान तर सगळ्यायचाच गेला होता गा. सगळ्यायचा परत आला. तुयाच काहून नाही येऊन राहिला?"

तपासणीची मागणी फेटाळण्यात आली, कारण चोवीस जणांचे कान बरे झाल्याने आणि प्रीतमचाही झाल्याने तपासणी रद्द झाली होती. मग वामनरावांनी फाइलमध्ये मान घातली. ते चंद्रभानच्या डाव्या हाताला बसले होते. उजवीकडे कूलर जोरात होता. "चूक मान्य आहे का?" त्यांनी विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. चंद्रभान समोरच्या भिंतीकडे बघत प्रश्नाची वाट पाहत होता.

"साहेब, त्याले आयकूच नाही आलं," पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभे असलेले नत्थूजी म्हणाले. त्यांचा फॉर्म अभिलेखात नसल्याने त्यांचं म्हणणं नोंदवता आलं नाही.

समितीचा अहवाल दीड पानी आहे आणि त्यात एकही आकडा खोटा नाही. आवक क्रमांक एक ते पंचवीस आधीचे, सव्विसावा शेवटचा. शेवटी येणारा आधीच्याचं पाहून लिहितो, सबब मूळ नक्कल श्री. चंद्रभान यांची. इतर पंचवीस जणांनी प्रांजळपणे कबुली दिली, त्यांना ताकीद देऊन सोडावे. श्री. चंद्रभान यांना तीनदा विचारूनही त्यांनी उत्तर दिले नाही. दुर्लक्ष हेतुपुरस्सर.

तो तिसरा शेरा. काटोलचा आदेश मंगळवारी निघाला आणि आवक-जावकचा चार्ज देण्यापूर्वी चंद्रभाननेच त्यावर जावक क्रमांक टाकला. जाताना त्याने सगळ्यांचा निरोप घेतला. सगळे काहीतरी चांगलं बोलले असावेत. त्याने अंदाजाने मान हलवली. संध्याकाळी टपरीवर मुकुंदने चहा अर्धा सोडला आणि म्हणाला, "बेकार झालं बे. चांगला माणूस होता." लगेच नंदिनीलाही वाईट वाटलं, तिचं पाहून रोहितला आणि सहा वाजेपर्यंत पंचवीसही जणांना वाईट वाटून झालं.

तुम्हालाही वाटलं असेल. वाटायलाच हवं, आणि यावेळी तर सुवाच्य नमुना समोरच आहे. फक्त परवा तुमच्या हाकेला ओ न देता जो माणूस पुढे निघून गेला, त्याला तुम्ही मनातल्या मनात काय म्हणालात, तेवढं कुणाचं न पाहता सांगा.