सुरक्षा अधिकारी गॅरेजमध्ये

"आधी गाडी बाहेर काढा, मग काय तो दाराशी खेळ करा," बायको पुन्हा म्हणाली.

"कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे मी. मला शिकवू नकोस!"

यात खोटं काही नव्हतं. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्रावर त्याच्या सहीची पाटी होती: 'अनधिकृत दुरुस्ती करू नये.' न विचारता एक नट फिरवला म्हणून एका फिटरला त्याने सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. घरी मात्र तो नवरा होता, आणि नवऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही.

गॅरेजचं दार वर सरकताना किरकिरत होतं, एवढंच. चाकांना थोडं तेल पुरलं असतं. पण मेव्हण्याने असंच दार मेकॅनिककडून करून घेतलं, तेव्हा भर जेवणात हा बोलून बसला होता, "स्वतःचे हात काय फक्त घास घ्यायला आहेत?" आता हात चालवून दाखवणं भाग होतं.

बायकोची त्या दिवशी मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं, म्हणजे संधी ही एकच. तिला सोडायला म्हणून त्याने रजा काढलेली. प्रमाणपत्रांची फाईल गाडीत ठेवून ती बाहेर घड्याळ बघत उभी होती.

त्याने मोबाइल चार्जरला लावून फळीवर उभा केला, मागचा कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि सासरच्या मंडळींना व्हिडिओ कॉल लावला. "सगळ्यांनी माइक बंद ठेवा. मी सांगितल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही!"

मग स्टुलावर चढून त्याने स्प्रिंगचा बोल्ट सैल केला. ते अवजड दार वर तोलून धरलं होतं ते त्याच स्प्रिंगने, हे त्याला कळलं, पण दाराला कळल्यानंतर.

धाडकन दार खाली आलं. पाना उडून गाडीच्या काचेवर बसला. उंबऱ्यावरच्या कोऱ्या हत्यारपेटीचा चेंदामेंदा झाला, आणि तिच्यावर टेकून दार तिरकं अडकलं. खाली वीतभर फट उरली. त्या दिवशी कामाला आलेलं एकमेव हत्यार म्हणजे ती पेटी.

"अहो! लागलं का?"

"नाही. आटोक्यात आहे सगळं."

"काय आटोक्यात आहे? गाडी आत, फाईल आत, तुम्ही आत!"

"फाईल देतो. ओरडू नकोस, शेजारी ऐकतील."

फटीतून फाईल बाहेर आली. बायकोने धूळ झटकली. "टॅक्सी करून जाते. वाटेतून मेकॅनिकला फोन लावते."

"मेकॅनिक कशाला? मी बघतो ना!"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. थांबली असती तर मुलाखत हुकली असती.

मेकॅनिक आला. त्याने दार ठोठावलं. "साहेब, आत आहात का?"

दुसऱ्यांच्या चुका पाट्यांवर रंगवणारा हा गृहस्थ आता गाडीमागे उकिडवा बसला आणि त्याने श्वास रोखला. मेकॅनिकने दोन-चार हाका मारल्या, "कुणी थट्टा केली वाटतं," म्हणत स्कूटर वळवली आणि तो गेला.

दुपार कलल्यावर बायको परतली. फटीतून तिच्या चपला दिसल्या.

"झालं माझं! नेमणूक पक्की!"

"अभिनंदन," आतून कोरडा आवाज आला.

"तुम्ही अजून आतच? मेकॅनिक नाही आला?"

"फिरकला नाही. असलीच असतात ही माणसं. शब्दाची किंमत नाही."

"थांबा, पुन्हा लावते फोन."

"ऐक ना..." त्याने फटीजवळ गाल जमिनीला टेकवला. "लाव. पण त्याला सांग, दार तू बिघडवलंस. कारखान्याचं कामही तोच करतो. माझी काय लाज राहील?"

बायको काही बोलायच्या आत फळीवरून मेव्हण्याचा आवाज आला.

"दाजी, आज्ञा मोडतोय, माफ करा. मेकॅनिक आला तेव्हाही आम्ही शिस्तीत गप्प होतो. पण हे शेवटचं वाक्य जरा मोठ्याने म्हणा. आईला नीट ऐकू नाही आलं."